हँडलवरचा टेप

मोटारसायकलवर गाणी वाजवायची असतील तर दोन वाटा आहेत. पहिली शोरूमची. तिथे हेल्मेटात बसणारा ब्लूटूथ हेडसेट मिळतो, फोन धरून ठेवणारा ॲल्युमिनियमचा पंजा मिळतो, त्या पंजाखाली लावायचं हादरे शोषणारं वेगळं जुगाड मिळतं, आणि बिल हातात येईपर्यंत एखादी जुनी लूना घेतली असती तर बरं झालं असतं असं वाटायला लागतं. दुसरी वाट पुण्यात नाना पेठेतून निघते आणि लक्ष्मी रोडच्या आसपासची गर्दी कापत तपकीर गल्लीत शिरते. नाना पेठेत गाडीचं सामान: क्लिपा, क्लॅम्प, रबर, फ्यूज. तपकीर गल्लीत विजेचं: बोर्ड, स्पीकर, ॲम्प्लिफायर. मुंबईकर हीच खरेदी लॅमिंग्टन रोडवर करतो. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोरचा मोबाइलवाला आणि त्याच्या शेजारचा बॅटरीवाला मिळून तेवढंच काम उरकतात. पाचशेची नोट मोडली की सामान येतं, वर चहाचे पैसे उरतात.

या सामानातला मुख्य जिन्नस म्हणजे तळहातावर मावणारा बोर्ड. समोर काळी पट्टी, तिच्यात निळे किंवा लाल आकडे, पेनड्राइव्हची खाच, मेमरी कार्डाची फट, आत एफएम आणि ब्लूटूथ. मागून लोंबणाऱ्या वायरींपैकी दोन करंटच्या, बाकीच्या स्पीकरच्या. दीड-दोनशेला मिळतो. सोबत पातळसा रिमोट येतो, जो पहिल्या पावसाळ्याच्या आत हरवतो. चावी फिरवली की आतली बाई कुठला मोड लागला ते इंग्रजीत ठणकावून सांगते, आणि बहुतेक बोर्डांत तिला गप्प करायची सोय नसते. पहाटे साडेचारला शेजाऱ्यापाजाऱ्यांची झोप न मोडता दुधाची गाडी बाहेर काढणाऱ्याला तिचा जाच सगळ्यात जास्त.

गाण्यांच्या क्रमातही एक मेख आहे. स्वस्त बोर्डाला नावं, अक्षरं, आकडे यांच्याशी देणंघेणं नसतं. कार्डावर जे आधी उतरलं ते आधी वाजतं. त्यामुळे जाणता मोबाइलवाला कार्ड भरताना सुरुवातीला एखादा अभंग नाहीतर आरती टाकतो आणि लावण्या, कोळीगीतं वगैरे मंडळींना मागच्या बाकावर बसवतो. दुसरी मेख कार्डाच्या आकाराची. यातले पुष्कळ बोर्ड बत्तीस जीबीपर्यंतचं आणि फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं कार्डच वाचतात. गिऱ्हाईक हौसेने मोठं कार्ड आणतं, बोर्ड मुका राहतो, आणि बोलणी खातो तो बोर्ड विकणारा. कार्डात दहा-वीस रुपयांना शेकडो गाणी भरून देण्याच्या या धंद्यात गायकाला छदाम मिळत नाही. ते देणाऱ्यालाही ठाऊक आहे आणि घेणाऱ्यालाही.

चाकावर गाणं न्यायची हौस बरीच जुनी. अमेरिकेत १९३० साली पॉल गॅल्विन यांनी स्वतःच्या मोटारीत रेडिओ बसवून ती अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांच्या संमेलनाला नेली. मोटोरोला हे नाव मुळात त्या रेडिओचं. पण मोटारीला छप्पर होतं, काचा होत्या, भलीथोरली बॅटरी होती. दुचाकीला यातलं काहीच नाही, त्यामुळे तिच्यावर कंपनीकडूनच स्टिरिओ यायला आणखी अर्धं शतक गेलं. होंडाची गोल्डविंग १९७५ची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या लांब पल्ल्याच्या मॉडेलांवर रेडिओ आणि कॅसेट वाजू लागली. तिला हे जमलं याचं अर्धं श्रेय इंजिनाला द्यायला हवं. चार सिलिंडर, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे, आडवे झोपवलेले. एका बाजूचा धक्का दुसरी बाजू परस्पर खाऊन टाकते.

तोवर ज्याला एकट्याचं गाणं हवं होतं त्याच्या खिशात सोनीचा वॉकमन आला होता. तो १९७९चा. मग २००१मध्ये आयपॉड आला, ज्याच्या पोटात १.८ इंची फिरती हार्डडिस्क होती. फिरत्या तबकडीला खड्डे मानवत नाहीत, म्हणून गाणी आधीच ३२ एमबीच्या मेमरीत ओढून ठेवायची आणि वीस मिनिटं धक्के बसले तरी सूर तुटू द्यायचा नाही, अशी तजवीज त्यात केलेली होती. मोटारसायकलवाल्याच्या कामाला खरा आला तो मात्र तबकडी नसलेला, नुसत्या चिपवर चालणारा प्लेअर. २००५मध्ये आयपॉड शफल निघाला आणि काही वर्षांत त्याच्या चिनी नकला मुंबईच्या लोकलमध्ये शंभर-दीडशेला मिळू लागल्या. मागे चिमटा, बाजूला कार्डाची फट, पडदा नाही, हलणारा एकही भाग नाही. घराघरांतल्या ड्रॉवरमध्ये, गंजक्या किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी, यातला एखादा अजून पडलेला असेल. टाकू नका.

कारण आपल्या रस्त्यावरची गाडी गोल्डविंग नाही. ती एका सिलिंडरची आहे. १९९४पासून महाराष्ट्राच्या गावोगाव पोचलेली स्प्लेंडर घ्या: ९७.२ सीसी, एकच पिस्टन, आणि त्याला समोरून तोलून धरणारं कुणी नाही. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर हँडलला सेकंदाला शंभर हादरे बसतात. बुलेटचे फेरे कमी, पण पिस्टन जड आणि स्ट्रोक लांब, त्यामुळे हादरा सावकाश येतो आणि मोठा येतो. आरशातला मागचा ट्रक थरथरताना दिसतो तो या हादऱ्यामुळेच.

महागडे फोन याला बळी पडतात. ॲपलने २०२१च्या सप्टेंबरमध्ये आपल्या गिऱ्हाइकांना जाहीर सूचना दिली की ताकदवान मोटारसायकलींवर आयफोन थेट बसवू नका. फोटो हलू नये म्हणून कॅमेऱ्यातलं भिंग सरकतं ठेवलेलं असतं, आणि जोरकस, सततच्या हादऱ्यांनी ती यंत्रणा खराब होऊ शकते. मोपेड आणि स्कूटरचे हादरे त्या मानाने सौम्य, तरी तिथेही हादरे शोषणारा माउंट वापरा, असं त्या सूचनेत होतं. मला यातून निघणारा व्यवहार सरळ वाटतो: लाखाचा फोन खिशात आणि शंभराचा प्लेअर हँडलवर.

तो शंभराचा प्लेअर बसवायचा कसा, हे चांगल्या फिटरच्या शेजारी उभं राहून बघण्यासारखं आहे. तो आधी सायकलच्या टाकाऊ ट्यूबचे वीत-दीड वीत लांबीचे पट्टे कापतो. एक पट्टा हँडलच्या दांडीवर ताणून गुंडाळतो. त्यावर ज्युबिली क्लिप चढवतो आणि पेचकस जागेवर अडेपर्यंत आवळतो. क्लिपेत पत्र्याची एक पट्टी अडकवलेली असते. इथवर सगळं घट्ट. इथून पुढे सगळं सैल. पट्टीवर बोटभर जाडीचा स्पंज, स्पंजावर प्लेअर, आणि वरून ट्यूबचे दोन आडवे पट्टे, प्लेअर बोटाने ढकलला तर हलेल आणि सोडला तर जागेवर येईल इतपतच ताणलेले. नवशिका नेमकं उलटं करतो. क्लिप ढिली ठेवतो आणि प्लेअर केबल टायने करकचून बांधतो. मग हँडलचा प्रत्येक हादरा जसाच्या तसा प्लेअरच्या पोटात जातो. एसटीच्या टपावर आवळून बांधलेली ट्रंक आदळत राहते आणि आपल्या हातात टांगलेली पिशवी नुसती डोलते, तसा हा प्रकार. एम-सीलने चिकटवून मोकळे होणारे लोकही आहेत. एम-सील वाळलं की जराही लवत नाही, तेव्हा ते पाण्याच्या टाकीलाच शोभतं.

एवढं करूनही एखादा वेग असा निघतो की त्याला सगळं खुळखुळतं. पन्नासला काही नाही, पंचावन्नला थरथराट, साठला पुन्हा गुमान. प्रत्येक जोडणीची स्वतःची एक डोलायची गती असते आणि इंजिनाची गती तिच्याशी जुळली की हे होतं. नेमका तोच आपला रोजचा वेग असेल तर पट्टीखाली दोन जड वायसर वाढवायचे किंवा स्पंज बदलायचा. खुळखुळ जात नाही, पण दुसऱ्या वेगावर सरकते.

ज्याला एवढा उद्योग नको त्याने सीट कव्हरवाल्याकडे जावं. रेक्झिनचं टाकी कव्हर शिवून घेताना वरच्या बाजूला जाड पारदर्शक प्लास्टिकचा कप्पा मागायचा. पेट्रोलची टाकी कंपनीनेच रबरी बुशांवर बसवलेली असते आणि आतल्या पेट्रोलचं वजन तिला स्थिर ठेवतं. गाडीवर यापेक्षा शांत जागा शोधून सापडायची नाही. फक्त गाडी उन्हात उभी करताना प्लेअर काढून घ्यायचा. त्या प्लास्टिकखाली एप्रिल-मे महिन्यात जे तापमान होतं ते लिथियमच्या सेलला सोसत नाही.

प्लेअर बसला. आता करंट. माझ्या मते या सगळ्या कामाची परीक्षा इथे आहे, आणि निम्म्या गाड्या इथेच नापास होतात.

वायरिंगवाल्याचं मुख्य हत्यार म्हणजे टेस्टिंग बल्ब: होल्डरात इंडिकेटरचा बल्ब आणि त्याला दोन लांब वायरी. एक टोक चासीच्या उघड्या लोखंडाला टेकवायचं, दुसऱ्याने एकेक वायर चाचपायची. चावी बंद असताना बल्ब बंद आणि चावी लावली की बल्ब पेटला, तर ती आपली वायर. होंडाच्या रिवाजात, आणि म्हणून हीरो होंडातही, चावीनंतरचा करंट काळ्या वायरीत असतो आणि अर्थ हिरव्या वायरीत. यामाहाच्या आरएक्स १०० मध्ये काळी वायर अर्थची आणि चावीनंतरचा करंट तपकिरी वायरीत. शिवाय बोर्डाची स्वतःची काळी वायर अर्थची. रंगाला रंग जोडत जाणारा माणूस यामाहावर निभावतो आणि स्प्लेंडरवर फसतो. म्हणून जुना कारागीर रंगाकडे बघतो, मान हलवतो आणि तरीही बल्ब लावतोच.

जुन्या स्प्लेंडरची बॅटरी १२ व्होल्टची, क्षमता अडीच अँपिअर-अवरच्या आसपास. हेडलाइटचा भार तिच्यावर नसायचाच. तो थेट मॅग्नेटोवर, म्हणून गाडी उभी असताना मिणमिणायचा आणि एक्सलेटर दिला की उजळायचा. बॅटरीने फक्त हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा सांभाळायचा. तिच्यावर अर्धा अँपिअर ओढणारा ॲम्प्लिफायर इंजिन बंद ठेवून लावला तर कागदावर पाच तास निघतात. पण गाडी पारापाशी लावून रोज असं तिला पिळणाऱ्याची बॅटरीवाल्याशी लवकरच चांगली ओळख होते. नव्या गाड्यांचं गणित वेगळं आहे. १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, आणि २०२०च्या बीएस-६ नंतर बहुतेक गाड्यांत पेट्रोलचा फवाराही विजेच्या हुकमावर उडतो. अशा वायरिंगला टाचणी टोचण्याआधी वॉरंटीचं पुस्तक वाचावं.

ॲम्प्लिफायरला बारा व्होल्ट चालतात, प्लेअरला चार्जिंगसाठी पाच लागतात, आणि चालू गाडीच्या बॅटरीवर चौदाच्या जवळपास असतात. ७८०५ नावाचं तीन पायांचं आयसी हे काम दहा-पंधरा रुपयांत करतं, पण जादाचे नऊ व्होल्ट ते नुसते तापून घालवतं. अर्धा अँपिअर ओढला की साडेचार वॉटची उष्णता, बोट लावलं तर चटका. मोटारीत लावायचा जुना मोबाइल चार्जर फोडून आतली पट्टी काढली तर तेच काम न तापता होतं, आणि तो भंगारात फुकट मिळतो. मात्र फ्यूजवर पैसे वाचवू नयेत. एक-दोन अँपिअरची काचेची नळी आणि तिचा होल्डर वीस रुपयांच्या आत येतो, आणि आपण ज्या वायरी ओढतो आहोत त्या पेट्रोलच्या टाकीखालून जाणार आहेत.

मग येते ती शिट्टी. गाणं व्यवस्थित लागतं, गाडी निघते, आणि एक्सलेटरबरोबर चढत जाणारी बारीक कुईं सुरू होते. गिऱ्हाइकाला वाटतं स्पीकर गेला. स्पीकर ठणठणीत असतो. प्लेअर गाडीच्या करंटवर चार्ज होतोय आणि त्याची आवाजाची वायर त्याच गाडीवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरला गेलीय, त्यामुळे अर्थला दोन रस्ते मिळतात. त्या वेटोळ्यातून मॅग्नेटोची घरघर आवाजात मिसळते. कुणी हजार मायक्रोफॅराडचा कपॅसिटर टाकतं, आणि कधी कधी तेवढ्याने भागतंही. दोन्हींची अर्थ एकाच बोल्टवर, खालचा रंग खरवडून दिली तर पुष्कळ फरक पडतो. पण खात्रीचा इलाज फुकटचा आहे: प्लेअरला गाडीचा करंट द्यायचाच नाही. रात्री घरी चार्ज करायचा. त्याची बॅटरी कामावर जाऊन येण्यापुरती असतेच.

एफएमवरची कटकट निराळी. ती प्लगच्या ठिणगीची. ‘रामायण’ चालू असताना दारावरून लूना गेली की दूरदर्शनच्या पडद्यावर ठिपक्यांची रांग उठायची, ती ज्यांना आठवते त्यांना वेगळं समजावायला नको. रेझिस्टर असलेला प्लग किंवा तशी प्लगची टोपी बसवली की विविध भारती बऱ्यापैकी सरळ ऐकू येते.

स्पीकर कुठे लावावा यावर मात्र पोरांचं आणि माझं पटत नाही. त्यांना लेगगार्डवर चार इंची जोडी हवी असते, कारण ती दिसते. दिसते आणि रस्त्याच्या कडेला उभं असलेल्यांना ऐकूही येते, चालवणाऱ्याला मात्र निम्मीच. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो आणि तो भरून काढायला चौपट वॉट लागतात. म्हणजे छातीपासून दीड फुटावर हँडलला लावलेला तीन वॉटचा स्पीकर तीन फुटांवरच्या बारा वॉटच्या स्पीकराएवढं काम करतो. पॅम ८४०३ हा टिकलीएवढ्या आयसीचा बोर्ड पाच व्होल्टवर दर बाजूला तीन वॉट देतो, चाळीस-पन्नास रुपयांना. मोटारींच्या स्टिरिओसाठी निघालेला ४४४० आयसी दोन बाजू जोडून एकोणीस वॉटपर्यंत जातो आणि गल्लीत अजून त्याच्या नावाला मान आहे. पण दुचाकीवर तो बॅटरी प्यायला बसतो.

बेसची अपेक्षा सोडलेली बरी. उघड्या स्पीकरची मागची लाट पुढच्या लाटेला मारते आणि उरलासुरला ठोका वारा नेतो. माठाच्या तोंडावर स्पीकर ठेवून बेस काढण्याची गॅरेजमधली युक्ती गाडीवर चालत नाही. चार इंची पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा आणि मागे त्याचं झाकण लावलं तर थोडं अंग येतं. वाऱ्यातून पोचतो तो मधल्या पट्टीतला आवाज, म्हणजे माणसाचा गळा. म्हणून साठच्या वेगाला नव्या डीजे गाण्यांतलं काही समजत नाही आणि प्रल्हाद शिंद्यांचा विठ्ठल शब्दन् शब्द ऐकू येतो.

ही गोष्ट फेरीवाल्यांना कुणी शिकवावी लागली नाही. भंगारवाला, चादरीवाला, झाडूवाला मोटारसायकलवर जो भोंगा बांधतात तो या विद्येतला मला दिसलेला सर्वात शहाणा नमुना आहे. भोंग्याच्या आकारामुळे थोड्या वॉटमध्ये लांब आवाज जातो, बेस नाही म्हणून करंट कमी लागतो, आवाज आधीच भरून ठेवलेला असल्याने घसा वाचतो, आणि त्याची बॅटरी बहुधा वेगळीच असते, त्यामुळे गाडीच्या बॅटरीला झळ पोचत नाही. दिवसभर दहाच्या वेगाने गल्ल्या फिरणाऱ्या गाडीची बॅटरी नीट चार्ज होत नाही, हे त्यांनी अनुभवाने ओळखलं आहे.

पावसाबद्दल थोडक्यात. कागदी कोनाचा स्पीकर भिजला की संपला, प्लास्टिक कोनाचा घ्यावा. बोर्डावर दुधाची धुतलेली पिशवी उलटी घालावी, तोंड खाली. आणि बोर्डात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या टोकावरून गळून जातं. बाजारातली वॉटरप्रूफ पेटी हेच करते, जास्त पैशांत.

आता कायदा आणि कान. गाडी चालवताना हातातलं फोनसारखं साधन वापरणं २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १८४व्या कलमाखाली धोकादायक चालवण्यात मोडतं. रस्ता पाहण्यापुरती मुभा २०२०च्या नियमांनी दिली, तीही लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. गाणं बदलायला बोट लावणं त्या मुभेत बसत नाही. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, आणि त्यांच्या हिशेबात रात्र दहापासून सकाळी सहापर्यंत असते. म्हणजे दुधाची पहिली फेरी कायद्याने रात्रीतच होते.

पण दंडापेक्षा मला हेल्मेटाखालच्या इअरफोनची जास्त काळजी वाटते. वेग वाढला की हेल्मेटाच्या आत वाऱ्याचाच मोठा गोंगाट असतो. त्यावर मात करायला माणूस आवाज चढवत जातो, कान दुखावतात आणि मागच्या ट्रकचा हॉर्नही येईनासा होतो. त्याहून वाईट, स्पीकर बसवायला हेल्मेटाच्या आतला थर्माकोल खरवडणारे महाभाग आहेत. डोकं वाचवायला चेपायचा असतो तो थरच ते काढून टाकतात. कोल्हापूर-सांगलीकडे दिवाळीच्या सुमारास कारखाने पेटले की उसाच्या ट्रॅक्टरांवर वाजणाऱ्या पेट्या ज्यांनी ऐकल्यात, त्यांना ड्रायव्हरला मागचं काहीच ऐकू न येणं म्हणजे काय ते माहीत आहे. हँडलवरच्या तीन वॉटच्या स्पीकरचा मोठा गुण असा की तो हॉर्नला दाबू शकत नाही.

गेल्या काही वर्षांत वायरीशिवायही काम होऊ लागलं आहे. नळकांड्याच्या आकाराचा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा ब्लूटूथ स्पीकर घ्यायचा आणि सायकलच्या दुकानातून पाण्याची बाटली ठेवायची तारेची जाळी आणायची, शंभरच्या आत येते. हँडलवर ट्यूबचा पट्टा, त्यावर दोन ज्युबिली क्लिपा, क्लिपांत जाळी, जाळीत स्पीकर. ना फ्यूज, ना अर्थ, ना कुईं. उतरताना स्पीकर काढून पिशवीत टाकायचा. विजेच्या स्कूटरवर तर पिस्टनच नाही, ठिणगीही नाही. ओलाच्या एस-वनसारख्या २०२१च्या स्कूटरमध्ये कंपनीनेच स्पीकर दिलेत. ज्या विजेच्या गाड्यांना ते नाहीत त्यांचे मालक वॉरंटी जाईल म्हणून वायरिंगला हात लावू देत नाहीत, आणि मग फिटर त्यांच्यासाठी सायकलची जाळी आणि ट्यूबचा पट्टा काढतो. ट्यूबचे पैसे तो अजून तरी लावत नाही, क्लिपांचे तीस घेतो.